बुडबुडे एकाच जागी

समोरून तरंगत आलं ते सुरेंद्रला आधी बुडबुडाच वाटलं. पण बुडबुडा वर जातो. हे खाली निघालं होतं. मग वाटलं, प्लास्टिक असेल. बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या या पाण्यात लोक वाट्टेल ते फेकतात. टॉर्चच्या उजेडात ते मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. कडेला बारीक दोऱ्यांची झालर, आकार मोहफुलाएवढा, आणि अंगातून पलीकडचं सगळं दिसत होतं.

जेलीफिश! मालवणला पाणबुड्याचं प्रशिक्षण घेताना त्याने समुद्रात त्या पाहिल्या होत्या. गोड्या पाण्यातही एक इवलीशी जात असते, पण क्वचितच कुणाला दिसते, असं तिथले सर सांगायचे; पोरांनी ते हसण्यावारी नेलं होतं. आणि ती इथे, चंद्रपुरात! एक नाही, बघता बघता चहूकडे त्याच. जिल्ह्याच्या शोधपथकात राहून त्याने आजवर पाण्यात प्रेतंच शोधली होती. तो इतका हरखला, की आपण कशासाठी उतरलोय याचाच त्याला विसर पडला.

भानावर येऊन त्याने टॉर्च खाली वळवला. बरोब्बर खालीच, गाळात रुतलेल्या जाळ्यात पाय अडकून, काल बुडालेला प्रफुल होता.

वर पंचनामा झाला. प्रेताबरोबर प्रफुलचा थोरला भाऊ दवाखान्यात गेला. वडील, बापूजी, काठावरच बसून राहिले. सुरेंद्र सिलिंडर आवरू लागला तसे ते जवळ आले.

"तुमचे बुडबुडे पाहून राह्यलो होतो मी. लय वेळ एकाच जागी निघत होते. मले वाटलं, भेटला. पन तुमी दोरीले खुनेचा झटका काई देल्ला नाई. काऊन थांबले होते, भाऊ?"

तळ्यातला मासा बुडबुड्यांवरून हेरण्यात बापूजींचा जन्म गेला होता. पाय सोडवत होतो, एवढं म्हटलं की सुटका होती. सुरेंद्रच्या अगदी ओठांवर आलं होतं ते. पण बापाच्या तोंडावर थाप मारवेना.

"माफ करा, बापूजी. एक जीव दिसला पान्यात. त्यालेच पाहत बसलो."

मग त्याने सगळंच सांगितलं. शरम वाटत होती, आणि आवाजातला आनंद काही केल्या लपेना, याची जास्तच वाटत होती. बापूजींनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माह्या पोरापाशीच होते ते?"

"त्याच्या वरतंच."

"चावत त नाई?"

"नाई. मानसाले काईच करत नाई."

बापूजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. "घरी चाला. त्याची माय कालपासून एकच बोलून राह्यली, पोरगा अंधारात एकटा कसा राह्यला असन म्हनून. तिले तुमीच सांगा हे. मले नाई सांगता येनार."

"मी थांबून राह्यलो होतो, तेबी सांगू?"

"तेच त सांगा. कोनीतरी थांबलं होतं त्याच्यापाशी, एवढं समजू द्या तिले."

सुरेंद्र ओल्या अंगानेच त्यांच्यामागून निघाला.