आतड्याला हात लावलाच कशाला?

आतड्याचा पीळ सोडवून चार दिवस झाले, तरी काकांचं आतडं संपावरच होतं. आज संध्याकाळपर्यंत वारा सरला नाही, तर नाकातून पुन्हा नळी. पहिली नळी घालताना काकांनी सिस्टरांच्या सात पिढ्या काढल्या होत्या.

"आतड्याच्या पेशी स्वतःची ऊर्जा स्वतः तयार करतात," सर्जन समजावत होते. "ऑपरेशनमध्ये नुसता हात लागला तरी ते काम मंदावतं. थोडा वेळ द्या."

काकांनी डोळे बारीक केले. "म्हणजे तुम्ही हात लावलात?"

"त्याशिवाय पीळ कसा सुटणार?"

"आमचा घड्याळवालाही हेच करतो. आधी हात लावतो, मग म्हणतो वेळ द्या."

सर्जन गेल्यावर काकांनी मला जवळ बोलावलं. "ऑपरेशन करून बाहेर येताना ह्या डॉक्टरांच्या हातात काय होतं?"

"चहाचा कप."

"झाकलेला? म्हणजे माझं आतलं काय काढून नेलं कोण जाणे!"

चार वाजता सिस्टर नळीचं पाकीट घेऊन आल्या. ते बघताच काकांनी जाहीर केलं, "सरला! आत्ताच!"

"कोणी ऐकला?"

वॉर्डात कसलातरी आवाज झाला होता खरा. शेजारच्या खाटेवरचे निवृत्त मास्तर वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते, आणि वर्तमानपत्र उलटं होतं. पण काका माझ्याकडेच बघत होते.

"मी ऐकला," मी म्हणाले. शेवटी रक्ताचं नातं.

काकू खुर्चीत स्वेटर विणत होती. सुया न थांबवता म्हणाली, "ह्यांचा नव्हे तो."

"अगं!"

"अडतीस वर्षं संसार केलाय. खोटं बोलून चहा ढोसाल आणि उलट्या करून टाके उसवाल."

"घरभेदी!"

सिस्टरांनी पाकीट टरकन फाडलं. काका अंग चोरून भिंतीकडे कुशीवर वळले. तेवढ्यात एक आवाज आला. बारीक, लांबलेला, शेवटी जरा प्रश्न विचारल्यासारखा.

सिस्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी दोन्ही हात वर केले. मग सगळा वॉर्ड काकूकडे वळला.

काकूच्या सुया थांबल्या. तिने पदराने डोळे टिपले.

"हा ह्यांचा."

सर्जन आले. पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले आणि हसले. "द्या दोन चमचे पाणी."

काकांनी चमचा उजेडात धरला, मागून-पुढून तपासला.

"ह्याला कोणी हात लावलाय?"