गोल सह्यांचा कागद

कागदावर ‘बंड’ हा शब्द नव्हता. तो चुकूनही येऊ नये म्हणून ओबेड मायर्सनं तीन दिवस डोकं खाजवलं होतं. ‘मागतो’ खोडून ‘विनवतो’ केलं. ‘नाहीतर’नं सुरू होणारं वाक्य तर त्यानं मुळासकट उपटलं. कप्तानाच्या कानाला ‘नाहीतर’ म्हणजे धमकी, धमकी म्हणजे बंड, आणि बंड म्हणजे घरी, व्हिटबी बंदराच्या धक्क्यावर पाय ठेवताच तुरुंग. नशीब फुटकं असेल तर फास. शेवटी उरलं ते एवढंच: सप्टेंबर लागला आहे, दोन्ही बाजूंनी बर्फ जुळत चाललं आहे, खायला जेमतेम महिन्याचं आहे, तेव्हा साहेबांनी कृपा करून जहाज दक्षिणेला वळवावं.

मजकुराखाली थाळी उपडी ठेवून काढलेलं वर्तुळ होतं आणि त्याच्याभोवती चोवीस सह्या. गोलाला सुरुवात नसते. पहिली सही कोणाची हे कळलं नाही, तर लटकवायचं कोणाला? खलाशांची ही अक्कल जुनी होती, पण कप्तान ट्रॅन्मरही काही कालचं पोर नव्हता. गेल्या वर्षी तो रिकाम्या हातानं परतला होता. यंदाही सहा महिन्यांत एक देवमासा मिळाला नव्हता. आपली अब्रू वाचवायला चोवीस माणसं बर्फात गाडायची त्याची तयारी होती, आणि अशा माणसाला कृपा करायला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!

सकाळी सगळ्यांना डेकवर उभं केलं गेलं. कप्तानानं कागद वाऱ्यावर फडकवला.

“नावं गोल लिहिलीत रे शहाण्यांनो, पण मजकूर गोल लिहायला विसरलात. मजकूर एकाच हाताचा असतो. कोणाचा हात?”

ओबेड मागच्या रांगेत होता. पिंपं बांधणं हा त्याचा धंदा. यंदा चरबीच नाही, तर पिंपांना काम काय? मग रिकामा वेळ घालवायला त्यानं पिंपाच्या झाकणावर खडूनं एकेकाला अक्षरं शिकवली. घरी चार ओळी धाडता याव्यात, एवढीच त्यामागची हौस. कप्तान कधी खलाशांच्या पुढच्या खोलीत डोकावला नाही, म्हणून त्याला पत्ताच नव्हता.

“पहिली ओळ लिहा. एकेक जण,” कप्तान म्हणाला.

एकेक जण पिंपावर वाकला. कोणाचं अक्षर जाड, कोणाचं थरथरतं, पण शेवटच्या अक्षराची शेपटी सगळ्यांची सारखीच, गळासारखी वर वळलेली. ओबेडनंही लिहिलं, मुद्दाम कोंबडीच्या पायांसारखं. एवढं गचाळ लिहिताना त्याच्या जिवावर आलं. कप्तानानं करारवही उघडली आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“मार्चमध्ये तुम्ही सगळ्यांनी इथे सहीऐवजी फुल्या मारल्यात. सहा महिन्यांत पंडित कसे झालात? कोणी शिकवलं?”

“आईनं, साहेब,” सगळ्यांत म्हातारा ड्रिंग म्हणाला.

“तुझी आई मेली असेल वीस वर्षांपूर्वी.”

“चाळीस झाली, साहेब. पण बाई चिवट होती.”

“आणि तुला रे?”

“मलाही आईनंच, साहेब,” शेजारचा म्हणाला. “ड्रिंगच्या.”

हसू फुटलं आणि लगेच विझलं, कारण कप्तान हसला नव्हता. त्यानं कागदांतला सर्वांत नेटका कागद उचलला. तो जेरम इस्बिस्टरचा होता. जेरम म्हणजे शेटलंड बेटांवरचा धिप्पाड वल्हेकरी, चार लेकरांचा बाप, ओबेडचा सर्वांत मन लावून शिकलेला चेला.

“हाच तो हात. घाला बेड्या.”

जेरमनं तोंड उघडलं नाही. त्यानं ओबेडकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच ओबेडला सोसवेना. पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जहाजावर ओबेडनं असाच अर्ज लिहिला होता, त्यात सर्वांत वर आपलं नाव घातलं होतं. ‘पुढे ये, काही करणार नाही,’ म्हणणाऱ्या कप्तानानं त्याला छत्तीस फटके मारले होते. तेव्हापासून प्रत्येक जहाजाच्या वहीत तो निरक्षर होता.

ड्रिंगनं त्याची बाही धरली. “थांब, मूर्खा. डोकं त्यांच्या हाती दिलंस की उरलेलं धड त्यांचंच.”

ओबेडनं बाही सोडवली. “साहेब, मला पुन्हा लिहू द्या.”

त्यानं लिहिलं. या वेळी खरं. कप्तानानं अर्ज आणि हा कागद शेजारी शेजारी धरले आणि समाधानानं मान हलवली.

“सोडा त्या बैलाला. डोकं सापडलं, आता शेपूट वळवळेल घटकाभर. उत्तरेलाच चला.”

खाली रिकाम्या पिंपांच्या खोलीत, छतातल्या झाकणाच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा डाव्या भिंतीवर पडला होता. बेड्यांचं ओबेडला काही वाटत नव्हतं. त्याला भीती होती ती ड्रिंग खरा ठरण्याची. जेरम सुटला, पण चोवीस जणांचा गोल आपण स्वतःच्या हातानं तोडला, आणि आता बर्फ त्या सगळ्यांना गिळणार. जहाजाच्या कुशीवर तुकडे घासल्याचा आवाज आला, की तो डोळे मिटायचा.

दुपारी दुय्यम अधिकारी क्राउज पाव घेऊन उतरला. त्यानं मागे वळून पाहिलं आणि कोटातून एक कागद काढला.

“दोन जाळले कप्तानांनी,” तो हळूच म्हणाला. “घटकेघटकेला एक त्यांच्या दाराला लावलेला सापडतो. दर वेळी लिहिणारा वेगळा, शेपटी मात्र तुझी. कप्तान मला विचारतायत, मायर्स खाली असून वर लिहितो कसा?”

ओबेडनं कागद उन्हात धरला. त्याचेच शब्द, ओळी जेरमच्या नेटक्या हातातल्या. शेवटी मात्र एक वाक्य नवं होतं, त्यानं न शिकवलेलं: ‘ओबेड मायर्सला सोडावं. तो आमचा पुढारी नाही. आम्हाला पुढारी नाही.’

मजकुराखाली गोल होता आणि गोलात एक जागा मोकळी. तिच्या एका बाजूला जेरमचं नाव होतं, दुसऱ्या बाजूला क्राउजचं.

“तुम्हीपण, साहेब?”

“मोठ्यानं वाचू नकोस,” क्राउज म्हणाला आणि खिशातली दौत-लेखणी काढून पिंपावर ठेवली. “मलाही घरी बायको आहे. कर सही, लवकर.”

बेड्या वाजल्या. ओबेडनं फुली मारली नाही. पूर्ण नाव लिहिलं, शेपटीसकट.

क्राउज वर गेला. नंतर कितीतरी वेळ काही ऐकू आलं नाही, ना आरडाओरडा, ना बंदूक. मग डोक्यावर पावलं धावली, दोर करकरले, जहाज वळता वळता हळूहळू एका अंगावर कललं. उन्हाचा पट्टा डाव्या भिंतीवरून निघाला, फळ्यांवरून सरकत सरकत उजव्या भिंतीवर चढला आणि तिथे थांबला. रिकामी पिंपं एकदम गडगडत ओबेडकडे आली. सवयीनं पाय पुढे करून त्यानं एक अडवलं. बाकीची त्यानं खुशाल गडगडू दिली.