शिकवलेली धडक

"आत घुस! अगं, घुस आत!" मी ओरडत होते. घसा बसला होता, पण मी गप्प कुठली बसते? शेवटचे नऊ सेकंद उरले होते, एका गुणानं आम्ही मागे होतो आणि बॉल माझ्या भाचीच्या हातात होता. समोरच्या बाकावर निवड समितीच्या बाई वही घेऊन बसलेल्या. जिल्ह्याच्या संघात एकच जागा शिल्लक, आणि भाची वयाच्या अटीत यंदापुरतीच बसत होती. आज नाही तर कधीच नाही.

पोरीनं डावीकडे हूल दिली आणि बॉलला टप्पे देत उजवीकडून बास्केटकडे मुसंडी मारली. वाटेत एक उंच मुलगी पाय रोवून उभी होती. तिला वळसा घालायचा सोडून भाचीनं खांदा खाली घेतला आणि तिला सरळ आडवं केलं. बॉल बास्केटमध्ये! मी उडीच मारली.

शिट्टी वाजली. उभ्या खेळाडूला धडक, फाउल आमचा, बास्केट रद्द.

ती धडक माझी होती, मीच शिकवलेली. आमच्याकडे सरावात अडवायला माणसं नसतात, माझे गुडघे कामातून गेलेले. म्हणून मी वाटेत खुर्च्या मांडायचे. खुर्ची पडली की "शाबास वाघिणी!" म्हणायचे. पोरीची भीती मोडावी म्हणून, दुसरं काय! आणि खुर्चीसाठी शिट्टी कोण वाजवतं?

सामना हरलो. बाई उठून आल्या. "कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही. माझंच डोकं फिरलं," भाची म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

"शिकवलेलं असतं तर ती सवय मोडता आली असती. स्वभावच असा असेल तर मी नाही घेऊ शकत." त्यांनी वही मिटली.

बाई दारापर्यंत पोचल्या.

"अहो बाई, थांबा!" मी लंगडत धावले. "मी शिकवलंय. सगळं मीच. पोरीचा काडीचा दोष नाही, पाया पडते तुमच्या."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग घेते तिला. पण आजपासून तिच्या खेळात तुम्ही पडायचं नाही. सरावालासुद्धा यायचं नाही."

"मावशी, नाही म्हण," भाची मागून रडत म्हणाली. "मावशी!"

"नाही येणार," मी बाईंना म्हटलं. "लिहा तिचं नाव."