सोळा वर्षांचा पॅट्रिक

एथ्नाचं म्हणणं साधं होतं. यंदा सतरा मार्चला, देशाचा लाडका संत पॅट्रिक याच्या सणाच्या मिरवणुकीत, पॅट्रिक तीच होणार.

गावचा पॅट्रिक गेली बावीस वर्षं म्हणजे कॉर्मककाका. एरवी दुकानात मटण तोडणारा हा गडी त्या दिवशी हिरवा झगा आणि बिशपची उंच टोपी घालून, कापसाची दाढी लावून, हातात वाकड्या टोकाची काठी घेऊन ट्रॅक्टरवर उभा राहायचा आणि पोरांवर गोळ्या उधळायचा. समितीचा अध्यक्षही तोच. दाद मागायची तरी कुणाकडे?

"पोरी, पॅट्रिकला दाढी होती," दुकानात सुऱ्याला धार लावत काका म्हणाला.

"सोळाव्या वर्षी? समुद्री चाच्यांनी त्याला इथं पळवून आणलं तेव्हा तो माझ्याएवढा होता, काका. सहा वर्षं गुलाम होता. बर्फात, पावसात मेंढ्या राखायचा आणि दिवसातून शंभरदा प्रार्थना करायचा. त्यानंच लिहून ठेवलंय. गोळ्या उधळल्याचं काही लिहिलेलं नाही."

"आणि तो मुलगी होता, असं लिहिलंय?"

"झगा हिरवा होता, असंही नाही लिहिलेलं."

गिऱ्हाइकं खुदखुदली. काकाचा चेहरा लाल झाला.

"ठीक आहे. मिरवणुकीत चर्चपासून पुलापर्यंत मेंढ्या ने. सगळ्या पोचल्या तर यापुढे पॅट्रिक तू. एक जरी कमी भरली, तर हा विषय बंद."

"चालेल," एथ्ना म्हणाली.

चर्चमधली सणाची मिस्सा संपली तेव्हा ती दारात तयार होती. अंगात गोणपाट, पाय अनवाणी, पुढ्यात आजोबांच्या सहा मेंढ्या. आठवडाभर तिनं त्यांना शेतात चालवून पाहिलं होतं. शेतात बँड नव्हता, एवढंच काय ते चुकलं.

पहिला ढोल वाजला आणि मेंढ्या उधळल्या. त्यातच गारा सुरू झाल्या. लोक हसत होते, फोन वर धरत होते. एथ्ना धावत सुटली. दोन मेंढ्या बेकरीच्या दारातून हुसकावल्या, तिसरी बसखालून काढली, चौथी-पाचवी गल्लीत अडवली. पाय सुन्न पडले होते. सहावी कुठंच दिसेना.

ती चर्चमध्ये सापडली. संताच्या पुतळ्यापुढे ठेवलेली शॅमरॉकच्या तीनपानी हिरव्या पाल्याची टोपली ती निवांत फस्त करत होती. एथ्नाला बघताच बाकांमध्ये घुसली.

दारात काका येऊन उभा. "झालं समाधान?"

"पूल अजून राहिलाय," एथ्ना धापा टाकत म्हणाली आणि बाकाखाली शिरली.

काका तिच्या लालबुंद टाचांकडे बघत राहिला. मग त्यानं आपली बिशपची काठी पुढे केली. वरच्या वाकड्या टोकात मेंढीची मान अलगद अडकली. काका त्या टोकाकडे असा बघायला लागला, जणू ते वाकडं कशासाठी असतं हे त्याला बावीस वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

"धर हिला," तो म्हणाला. बाहेर जाऊन त्यानं बँडवाल्यांना दरडावलं, "पुलापर्यंत एकानंही ढोलाला हात लावायचा नाही."

ट्रॅक्टर मागे राहिला. एथ्ना पुढे निघाली, पुटपुटत. प्रार्थना की मेंढ्यांना शिव्या, ते कुणाला ऐकू आलं नाही. पुलावर सहाच्या सहा भरल्या. काकानं दोनदा मोजल्या.