दोन्ही हात आडवे

घनश्यामभाऊंनी दोन्ही हात आडवे पसरले आणि मंडपात बसून स्कोअर लिहिणाऱ्या खुशालने वाइडचा एक रन मांडून टाकला.

चेंडू सरळ होता. बॅट्समन निकेशच्या बुटाला आणि स्टंपांना, दोघांनाही नमस्कार केल्यासारखा करून तो किपरच्या हातात गेला होता. शेवटच्या ओव्हरचा हा पहिलाच चेंडू. त्याच्या आधी आंधळगावला जिंकायला सात धावा हव्या होत्या, आता सहा. पहिल्या बक्षिसाचा बोकड मंडपाच्या खांबाला बांधलेला होता आणि निकालाबद्दल उदासीन होता. कोणीही जिंकलं तरी त्याचं एकच होणार होतं.

तुमसरचा कॅप्टन चंद्रकुमार मिडऑफवरून चालत आला. भांडायला येणारा माणूस पळत येतो. हा चालत आला, म्हणजे त्याला खात्री होती.

"काकाजी, हा वाइड कोन्या हिशोबानं?"

घनश्यामभाऊंच्या डोळ्यांसमोरून चंद्रकुमार उजवीकडून डावीकडे गेला. त्याच्यामागून तलावाची पाळ गेली, पाळीवर बसलेल्या बाया गेल्या, मंडप गेला, आणि परत चंद्रकुमार आला. प्रत्येक फेरीला तो आधीपेक्षा थोडा जास्त रागावलेला होता.

"बोला ना जी."

"थांब गा. आधी तू एका जागी थांब."

"मी त थांबलोच हाय."

तीन वर्षांपासून त्यांची चक्कर घरातल्यासारखी झाली होती. पहिल्यांदा पहाटे कूस बदलली तेव्हा वर छपराचे फाटे आणि कवेलू फिरायला लागले. भूकंप समजून त्यांनी बायकोला, पुष्पाबाईंना, उठवून अंगणात काढलं होतं. पुष्पाबाई थोडा वेळ अंगणात उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, "काय जी, हा भूकंप फक्त तुमच्या खाटेवरच होता का?" भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांना टेबलावर आडवं पाडून मान इकडून तिकडे फिरवली आणि सांगितलं, कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागेवरून सरकले आहेत. येईल, जाईल, जिवाला धोका नाही. मान झटक्याने वळवू नका, वर पाहू नका. "तांदळातले असते त निवडून देल्ले असते," पुष्पाबाई डॉक्टरांना म्हणाल्या. "कानातले कसे निवडू?"

तेव्हापासून घनश्यामभाऊ भिंतीकडे तोंड करून झोपत. चक्कर आली की खाटेची पाटी धरून वाट पाहत. घर फिरून फिरून जागेवर आलं की उठून चहा पीत. घर दर वेळी परत येत होतं, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती.

तक्रार बाकीच्यांची होती. मुलाने, मनिषने, गाडीची चावी काढून घेतली. धानाच्या रचलेल्या पुंजण्यावर चढायला पुष्पाबाईंनी बंदी घातली. विहिरीकडे जायचं तर सोबत कोणीतरी लागे. एकेक काम हातातून निघून गेलं आणि उरली फक्त अंपायरिंग. घरात त्यांनी भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं तरी दुसऱ्या कोणाला तरी चाखायला लावत. मैदानात त्यांनी एक बोट वर केलं की धडधाकट माणूस बॅट काखेत मारून निघून जाई. निकेशचा बाप खेळायचा तेव्हापासून हे चाललं होतं. म्हणून चक्करेची गोष्ट त्यांनी मैदानात कोणाला कळू दिली नव्हती. उंच गेलेल्या चेंडूकडे त्यांना पाहता येत नसे, तेव्हा ते पाळीवरच्या बायांकडे पाहत. सगळ्यांच्या माना मागे वळल्या की सिक्स. आजवर एकही निर्णय चुकला नव्हता.

आज चेंडूमागे मान झटक्याने वळली, आणि घरात येणारी चक्कर मैदानात आली. धरायला काहीतरी हवं म्हणून हात पसरले गेले. धरायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी हवाच धरली होती.

"अंपायरनं देल्ला, बात खतम!" निकेश तिकडून ओरडला. "वापस जाय, बॉल टाकू दे."

पाळ आपल्या जागी आली. घनश्यामभाऊंनी हात खाली घेतले. आता गप्प राहिलं तरी चालणार होतं. त्यांचं गाव, आंधळगाव, खूष होतं, खुशालने लिहून टाकलं होतं.

"वाइड नाई," ते म्हणाले. "मले चक्कर आली."

माइकवर पिंटू होता. तो सकाळपासून शुद्ध भाषेत बोलत होता. "रसिकहो, अंपायर साहेबांनी निर्णय मागे घेतलेला आहे," तो म्हणाला आणि जरा थांबला. "कारण आरोग्यविषयक आहे."

"काकाजी!" निकेशने हेल्मेट नसलेल्या डोक्याला हात लावला. "हे घरी गेल्यावर सांगतलं असतं त नाई जमलं असतं काय?"

चंद्रकुमारला मात्र आता जास्तच संशय आला.

"चक्कर येते त उभे काहून राह्यले? दुसरा अंपायर द्या बा."

दुसऱ्या अंपायरचा शोध सुरू झाला. खुशाल निकेशचा मामा निघाला. लेग अंपायर म्हणून उभा असलेला माणूस आंधळगावचाच बॅट्समन होता. रनआउट न देण्यासाठीच त्याला तिथे उभं केलेलं असतं, हे दोन्ही संघांना माहीत होतं. पिंटूने आंधळगाव जिंकल्याचं टॉसच्या वेळीच जाहीर केलं होतं. शेवटी तुमसरवाल्यांना घेऊन आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला झोपेतून उठवलं. त्याने विचारलं, "कबड्डी हाय का क्रिकेट?" त्याला परत झोपू दिलं.

तेवढ्यात पुष्पाबाई पाळीवरून उतरून, चपला घालून, सरळ पिचवरून चालत आल्या.

"चला घरी."

"एकच ओव्हर राह्यली व."

"ओव्हर गेली चुलीत. पडले म्हणजे कोन झेलल तुमाले?"

"एवढे पोट्टे उभे हायेत ना."

"हे?" पुष्पाबाईंनी तुमसरच्या फिल्डरांवरून नजर फिरवली. "सकाळपासून पाहून राहिली मी. याईच्यानं कॅच झेलनं होत नाई, हे माणूस झेलतील?"

फिल्डरांनी खाली पाहिलं.

"आजपासून बंद," पुष्पाबाई आवाज उतरवून म्हणाल्या. "गाडी सुटली तसं हेबी सुटलं समजा. मी काई हौसेनं नाई म्हणून राहिली."

घनश्यामभाऊंनी डाव्या खिशात हात घातला आणि चेंडू मोजायचे खडे बाहेर काढले. जो कोणी अंपायर होईल त्याच्यासाठी तळहात पुढे केला. कोणी खडे घेतले नाहीत, म्हणून तो हात चंद्रकुमारच्या समोर थांबला.

"पाच राह्यले," ते म्हणाले. "झालेला चेंडू मी हिशोबात धरला हाय. बरोबर होता तो."

चंद्रकुमार त्या पाच खड्यांकडे पाहत राहिला. मग तो बाउंड्रीवर गेला, झेंड्याचा बांबू उपटला, झेंडा सोडून खांद्यावर टाकला, आणि बांबू आणून घनश्यामभाऊंच्या उजव्या हाताशी जमिनीत ठोकला.

"धरा. मॅच होईपर्यंत सोडू नका."

"हे नियमात बसते काय बे?" निकेशने विचारलं.

"बांबू नाई पायजे असं कुठं लिवलं हाय?"

लिहिलेलं कोणाला आठवेना. पुष्पाबाईंनी पुढे होऊन बांबू दोन्ही हातांनी हलवून पाहिला. म्हैस बांधायचा खुंटा पाहतात तसा. हलला नाही. "एक ओव्हर," त्या म्हणाल्या, आणि बाउंड्रीच्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. बांबू नेमका रनअपमध्ये आल्यामुळे तुमसरचा बॉलर विक्की याला अंपायरच्या दुसऱ्या बाजूने धावत यावं लागलं.

निकेशने पुढचा चेंडू उंच उडवला. पाळीवरच्या बायांच्या माना वर गेल्या, पण मागे वळल्या नाहीत. घनश्यामभाऊंनी चौकार दिला. मग दोन धावा पळून झाल्या. मग निकेशने दोन चेंडूंवर जिवापाड बॅट फिरवली आणि दोन्ही वेळा फक्त वारा घातला. तळहातावर एक खडा उरला. जिंकायला एक धाव हवी होती. पिंटूनेही माइक खाली ठेवला.

विक्की धावत आला. घामाने चेंडू त्याच्या हातातून निसटला आणि निकेशपासून इतक्या लांबून गेला की दोघांमधून बैलबंडी गेली असती. किपरने झेप घेऊन तो अडवला. घनश्यामभाऊंची मान जुन्या सवयीने चेंडूबरोबर वळली आणि जमीन हळूच हलली.

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांचा उजवा हात बांबूवर होता. एकच डावा हात आडवा केला तर तो नोबॉल होतो, आणि विक्कीचा पाय रेषेच्या आतच पडला होता. जे झालं नाही ते देता येत नव्हतं. पाळ निघाली, मंडप निघाला, बोकड निघाला. घनश्यामभाऊंनी बांबू सोडला आणि दोन्ही हात आडवे पसरले.

कोणी टाळी वाजवली नाही. कोणाला काही समजेना. चंद्रकुमार चालत आला, खांद्यावर अजून झेंडा होता.

"काकाजी, वाइड का चक्कर?"

"दोन्ही."

चंद्रकुमारने विक्कीकडे पाहिलं. विक्की स्वतःच्या हाताकडे पाहत होता. मग चंद्रकुमार मंडपाकडे वळून खुशालला म्हणाला, "लिवा."

आंधळगावची पोरं मैदानात घुसली आणि त्यांनी निकेशला खांद्यावर घेतलं. त्याची बॅट चेंडूच्या जवळपासही गेली नव्हती, पण कोणाला तरी उचलणं भाग होतं. घनश्यामभाऊंना कोणी उचललं नाही, ते बरंच झालं. ते तसेच, हात आडवे धरून, गर्दीच्या मधोमध उभे होते. लांब पाळीवरून बघणाऱ्यांना वाइड अजून चालूच आहे असं वाटलं असेल.

पुष्पाबाई येऊन त्यांच्या उजव्या हाताखाली उभ्या राहिल्या.

"घ्या आता खाली."

"थांब व. अजून थांबलं नाई."

त्या थांबल्या. चंद्रकुमारही थांबला. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि कोणाला विचारावं ते कळत नव्हतं.

"येत्या रविवारी तुमसरले आमच्या टुर्नामेंटची फायनल हाय," तो शेवटी दोघांच्या मधल्या हवेला म्हणाला. "दोन्ही टीमले चालल असा माणूस भेटून नाई राहिला. काकाजी येतील काय?"

घनश्यामभाऊंना मान वळवून बायकोकडे पाहता येत नव्हतं. त्यांनी समोर पाहतच विचारलं, "काय व?"

पुष्पाबाईंनी त्यांचा पसरलेला हात हळूच खाली आणून आपल्या खांद्यावर ठेवला.

"मले बसाले खुर्ची लागल," त्या चंद्रकुमारला म्हणाल्या.