खटका काढलेला चाकू

सुज्ञ वाचकहो, माझ्या थोरल्या बहिणीने दुमडत्या चाकूने लाकूड कसे फोडले आणि त्यायोगे आपली जागा कशी राखली, याचा वृत्तान्त मी येथे सादर करीत आहे. माझे शिक्षण सहाव्या इयत्तेत थांबले. तथापि चाकू घडविणे व दुरुस्त करणे हा माझा पस्तीस वर्षांचा व्यवसाय असल्याने या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी नम्रपणे मानतो.

"हा घे तुझा पराक्रम!" असे म्हणून ताईने माझ्या दुकानातील ऐरणीवर चाकू आपटला, तेथून आरंभ करतो.

पाते एकीकडे व मूठ एकीकडे झाली होती. दोहोंना जोडणारा खिळा वाकून निसटला होता. तीन महिन्यांतील हा चौथा चाकू.

"ताई, चाकू हे कापायचं हत्यार आहे. तू त्याच्या पाठीवर दांडका हाणतेस."

"मग काय त्याची पाठ चोळून देऊ? लाकूड तू येऊन फोडणार आहेस का?"

ताई डोंगरावरील वाटसरूंच्या निवाऱ्याची राखणदार आहे. बावीस वर्षे ती तेथे एकटी राहते. धुक्यात भिजलेला, थंडीने काकडलेला माणूस दाराशी आला की त्याच्यासाठी चूल पेटलेली असली पाहिजे, हे तिचे मुख्य कर्तव्य. तेथील ओंडके बाहेरून सदैव ओले असतात. ते फोडले तरच आतील कोरडा गाभा हाती लागतो. पूर्वी याकरिता कुऱ्हाड होती. परंतु कोणी एका वाटसरूने त्याच कुऱ्हाडीने उभी झाडे तोडली, आणि तेव्हापासून निवाऱ्यात कुऱ्हाड ठेवण्यास मनाई झाली. उरला तो खिशातील चाकू.

"आठ दिवसांनी कचेरीतला साहेब तपासणीला येतोय," ताई म्हणाली. "गेल्या खेपेला चूल पेटायला दीड तास लागला. या वेळी तसं झालं तर मला खाली कचेरीत घेणार. फायली झटकायला."

"बरंच आहे की. म्हातारपणी डोंगर चढायला नको."

यावर ताईने माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की मी मुकाट्याने भाता सुरू केला.

तीन दिवस खपून मी नवा चाकू सिद्ध केला. पाते जाड घेतले, खिळा दुप्पट केला. पाते उघडताच त्याला जागच्या जागी अडकवून ठेवणारा जो खटका असतो, तो तर मी असा भक्कम बसविला की त्याचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जावा. माझ्या दुकानाची कीर्ती त्या आवाजावरच उभी आहे, हे येथे नमूद करणे अवश्य वाटते.

"आता यावर हत्ती बसला तरी काही होणार नाही," मी म्हणालो.

ताईने अंगणात मनगटाएवढा ओंडका उभा केला, त्यावर पाते ठेवले, मूठ आवळली आणि पात्याच्या पाठीवर दांडक्याने घाव घातले. चौथ्या घावाला खिळा तुटला.

"हत्ती उठला वाटतं," ती म्हणाली.

मग ती ओंडक्यापाशी उकिडवी बसून चाकूचे तुकडे न्याहाळू लागली.

"धाकट्या, खटका काढून टाक."

"काय?"

"अरे, घाव बसतो पात्यावर. पातं खाली जायला बघतं आणि मूठ मी इथं धरून ठेवलेली. खटक्यानं दोघं एकमेकांना जखडलेले. मग सगळा मार खातो कोण? मधला खिळा. मूठ मोकळी सोड, ती लोंबू दे खाली."

"खटका नसला तर चाकू मिटेल आणि तुझी बोटं जातील!"

"बोटं तिथं असतील तर ना! पातं ठोकून लाकडात बसलं की मी मूठ सोडणार. आणि तेही फक्त चीर पाडण्यापुरतं. पुढचं काम पाचरींचं, लाकडाच्याच."

मला संताप आला. ज्या वस्तूचा मी अभिमान बाळगत आलो तीच कापून टाका, असे माझी सख्खी बहीण म्हणत होती. परंतु तिचे म्हणणे खोटे ठरविण्यास मला एकही मुद्दा सापडेना. मी नवा खिळा ठोकला, कानस घेतली आणि खटक्याचा दात पार घासून सपाट केला. पाते उघडले, आवाज झाला नाही. त्या शांततेने मला जे वाटले ते लिहीत नाही.

तपासणीच्या दिवशी मीही तिच्यासमवेत वर गेलो. दाट धुके होते. साहेब आले ते नखशिखान्त भिजून, दातांवर दात आपटत.

"बाई, चूल?" एवढेच ते बोलू शकले.

"बसा. लावते."

मी घड्याळाकडे पाहू लागलो. ताईने ओंडक्यांच्या ढिगातून गाठ नसलेला, सरळ रेषांचा एक निवडला. पाते टोकावर ठेवले, दोन हलके घाव, मग मूठ सोडून दिली. ती वाकून लोंबू लागली. तिसरा, चौथा, पाचवा घाव. बारीक चीर गेली. तीत तिने टणक लाकडाची पाचर घातली, मग दुसरी, आणि ओंडका कुरकुरत उभा दुभंगला. आतील लाकूड पिवळेधमक व कोरडे होते. असे आणखी तीन. मग त्याच चाकूने कोरड्या गाभ्याच्या बारीक ढलप्या काढल्या. बाविसाव्या मिनिटाला ज्वाळा उठली.

साहेबांनी हात शेकले, चाकू उचलला, उघडमीट केली.

"याचा खटका तुटलाय."

"तुटला नाही साहेब, काढलाय."

"कोणी?"

मी पुढे होऊन म्हणालो, "काढला मी. पण काढायचा हे हिला सुचलं. मी तर हिला तीनदा वेड्यात काढलं."

"चारदा," ताई म्हणाली.

साहेबांना हसू आले. त्यांनी ओंडक्यांतील एक स्वतः उभा केला.

"मूठ नका आवळू," ताईने बजावले. "सोडा म्हटलं ना! बोटं काढा आधी!"

बावीस वर्षांत साहेबांना दरडावताना मी तिला प्रथमच पाहिले. साहेबांनी निमूटपणे बोटे काढली. लाकूड फुटल्यावर ते दोन्ही तुकडे चुलीत सारून उभे राहिले आणि म्हणाले, "बाकीच्या निवाऱ्यांतल्या राखणदारांना मी इथं पाठवतो. शिकवाल ना?"

"पाठवा. भिजून येऊ दे म्हणावं, म्हणजे नीट शिकतील."

एवढ्यात धुक्यातून दोन वाटसरू आले. ताईने त्यांना चुलीपाशी जागा करून दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "उभा काय राहिलास? पाणी संपलंय."

मी पस्तीस वर्षे दुकान चालविणारा माणूस, माझ्या नावाची पाटी आहे. मी दोन्ही बादल्या उचलल्या आणि झऱ्याकडे निघालो. त्या उतारावरून जाताना भेटलेल्या एका अनोळखी गृहस्थास मी कारण नसता थांबवून सांगितले, "वर जी राखणदार आहे ना, ती माझी बहीण."

हे लेखन आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला,
धाकटा चाकूवाला