ट्रम्पेटवाल्या मामाचं बिऱ्हाड

आई गेली आणि तिच्या मृत्युपत्राचं सगळं काम थोरल्या लेकीच्या गळ्यात पडलं. तिचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर ती लोकांना अक्षरं वाचायला लावायची आणि घरी येऊन स्वतः कोर्टाचे कागद वाचत बसायची. घर विकून बहीणभावांनी वाटून घ्यावं, असं आईने लिहिलं होतं. कोर्टाचा शिक्का उमटेपर्यंत घर रिकामं व्हायला हवं होतं, आणि वरच्या मजल्यावर मामा ठाण मांडून बसला होता.

मामा आईचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा, बँडमधून निवृत्त झालेला ट्रम्पेटवाला. घराची किंमत ठरवायला माणूस आला, तर मामाने आतून कडी घातली आणि तो जाईपर्यंत ट्रम्पेट फुंकत राहिला. वकिलांचा फोन "ऐकू येत नाही" म्हणून ठेवून दिला. भाचीने विचारलं तरी "बघू" यापलीकडे ताकास तूर लागू देईना.

वकिलांनी हात टेकले. "आता नोटीस काढू. मग कोर्टाचा हुकूम."

"मला एकदा जाऊन येऊ द्या," ती म्हणाली.

रविवारी सकाळी ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. आतली धून संपू दिली, मग म्हणाली, "मामा, भांडायला नाही आले. चहा टाक."

बऱ्याच वेळाने कडी निघाली. मामाने आधण ठेवलं आणि पाठमोराच बोलू लागला.

"मी काय हौसेने बसलोय? खोल्या बघून आलो. एका ठिकाणी राहायलाही गेलो, तर दुसऱ्याच दिवशी माझं सामान बाहेर. दुसरीकडे मालकिणीने हातातली ट्रम्पेटची पेटी बघितली आणि खोली गेली म्हणाली. तुझी आई डाव्या कानाने बहिरी, म्हणून माझं निभलं. उजवा कान उशीत खुपसून झोपायची बिचारी."

"मग मला सांगायचं ना."

"काय सांगू? या वयात मला कुणी ठेवून घेत नाही म्हणून? परक्याने हाकललं की लागतं गं. म्हटलं, तूच हाकल. तू निदान सामान नीट बांधून देशील."

तिला हसू आलं. चहा पिता पिता तिला दुकानासमोरचा टिनवाला आठवला. त्याच्या कारखान्यावरची खोली कधीची पडून होती. पत्र्याच्या ठोकाठोकीपायी भाडेकरू टिकत नव्हता. तिने जाऊन त्याला मामाची अडचण सांगितली.

"वाजवू देत की," टिनवाला म्हणाला. "मला ऐकू आलं तर बक्षीस देईन."

मामा खोली बघायला आला. खाली हातोडे पडत होते. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "केवढा हा आवाज. माणसाने इथे राहायचं कसं?"

भाची त्याच्याकडे बघतच राहिली. टिनवाला पोट धरून हसला. "दिवेलागणीला मी घरी जातो, मामा. मग सगळी गल्ली तुमची."

"आणि दिवसा?"

"दिवसा माझ्या दुकानात ये," भाची म्हणाली. "फ्रेमा पुसायला मला माणूस हवाच आहे."

मामाने खिडकी उघडून बघितली, लावली, पुन्हा उघडली. "ट्रम्पेट मी स्वतः आणणार," तो म्हणाला. "बाकीचं कुणीही उचला."

कोर्टाचा शिक्का उमटला तेव्हा घर झाडून पुसून तयार होतं. नोटीस काढावी लागली नाही म्हणून वकीलही खूश. मामा आता दुकानात असतो. कुणी चष्मा चढवून आरशात बघू लागलं, की न विचारता सांगतो, "हा नको. यात तुम्ही रागीट दिसता." गिऱ्हाईक मुकाट्याने दुसरा उचलतं, आणि भाची मान खाली घालून काच घासत राहते, हसू दिसू नये म्हणून.